रक्तातली जनुकं अ‍ॅटॅकची तारीख सांगत नाहीत

‘वडिलांना पन्नाशीत अ‍ॅटॅक आला, म्हणजे आमच्या जीन्समध्येच आहे. आता ती रक्ताची जनुक-तपासणी करून टाकावी.’ असं म्हणणारा माणूस दोन वेगळ्या तपासण्यांची सरमिसळ करत असतो. आईवडिलांकडून आलेला डीएनए आज तपासा की दहा वर्षांनी, उत्तर जवळपास तेच येतं. जनुकांची सक्रियता ही निराळी गोष्ट आहे. पेटीच्या पट्ट्या त्याच असतात. या घडीला कुठल्या दाबल्या जाताहेत आणि किती जोरानं, हे मात्र सतत बदलतं. जनुक कामाला लागलं की पेशीत त्याच्या आरएनए प्रती निघतात आणि तपासणी त्या प्रती मोजते. साध्या तापानं, सिगारेटनं किंवा स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही हे आकडे हलतात.

या प्रती हृदयातून रक्तात उतरतात, असंही अनेकांना वाटतं. खरं तर त्या मुख्यतः पांढऱ्या पेशींच्या असतात. पण मग त्यांचा हृदयाशी संबंध काय? रक्तवाहिनीत चरबी नुसती साचत नाही, तिथं दाह चालू असतो. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीत शिरतात, कोलेस्टेरॉल गिळून फुगतात आणि तिथंच अडकतात. हा खटाटोप चालू असताना रक्तात फिरणाऱ्या पेशींचा सूरही थोडा बदलतो, तो पकडायचा हा प्रयत्न. म्हणजे पुरावा आडवळणाचा. जंतुसंसर्ग किंवा संधिवातही याच पेशींना डिवचतो.

मग अशी तपासणी बाजारात आलीच नाही का? आली होती, आणि तिची कहाणी बरंच शिकवून जाते. कॅलिफोर्नियातल्या ‘कार्डिओडीएक्स’ कंपनीची ‘कोरस सीएडी’ ही चाचणी 23 जनुकांची सक्रियता मोजे, त्यात वय आणि लिंग मिळवे आणि 1 ते 40 मधला एक गुण देई. 2010 साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये तिचा अभ्यास छापून आला तेव्हा कौतुक झालं. पण तिला विचारलेला प्रश्न मर्यादित होता: छातीत दुखणाऱ्या, मधुमेह नसलेल्या रुग्णाच्या वाहिनीत आज मोठा अडथळा असण्याची शक्यता किती? गुण 15 किंवा त्याखाली असला तर शक्यता कमी आणि अँजिओग्राफीची घाई टाळता येईल, एवढाच तिचा दावा. अ‍ॅटॅक कधी येणार, हे ती सांगतच नव्हती. शिवाय गुणातला मोठा वाटा वय आणि लिंगच उचलतात, असा टीकाकारांचा आक्षेप होता. 2018 मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर विम्यानं तिचे पैसे देणं थांबवलं आणि पुढच्याच वर्षी कंपनीला टाळं लागलं. आणि मधुमेही माणसं वगळून तयार झालेली चाचणी आपल्याकडच्या कितीजणांना लागू पडली असती, हा प्रश्न उरतोच.

संशोधन मात्र थांबलेलं नाही. अटलांटातल्या एमोरी विद्यापीठ आणि जॉर्जिया टेक इथल्या शास्त्रज्ञांनी 2014 साली 338 हृदयरुग्णांच्या रक्तातला जनुकांचा नमुना प्रसिद्ध केला. पुढे हृदयविकारानं दगावलेल्यांच्या रक्तात टी-पेशींशी निगडित जनुकं सुरुवातीलाच मंदावलेली दिसली. पण ही माणसं आधीच हृदयरुग्ण होती. धडधाकट माणसाला ‘तुला अ‍ॅटॅक येणार’ असं सांगण्यापासून हा निष्कर्ष फार लांब आहे.

सगळ्यात घातक गैरसमज छातीत दुखू लागल्यावरचा: ‘मागच्या महिन्यातला रिपोर्ट चांगला होता, गॅस असेल.’ बरेचसे अ‍ॅटॅक चरबीचा थर अचानक फाटून त्यावर रक्ताची गुठळी धरल्यानं येतात. फाटण्याआधी त्या थरानं वाहिनी फारशी चिंचोळी केलेलीही नसते, त्यामुळे महिन्यापूर्वीच्या चांगल्या रिपोर्टाचा इथं आधार नाही. अशा वेळी रुग्णालयात पोचल्यावर 10 मिनिटांच्या आत ईसीजी काढावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्याच्या जोडीला ट्रोपोनिन मोजतात. हे प्रथिन इजा झालेल्या हृदयाच्या स्नायूतूनच रक्तात येतं, पण चढायला वेळ घेतं. म्हणून पहिला आकडा नॉर्मल आला तरी काही वेळानं पुन्हा रक्त घेतात. तेवढा वेळ कॅज्युअल्टीत थांबायला सांगितलं, तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग घरी जातो’ असा हट्ट धरू नये.