शेवटच्या कडव्यातला वामन

मुळशीतल्या पौडच्या पुढे एका वस्तीवर आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम होता. मांडवाच्या मागे, चहाच्या कपांच्या गराड्यात, गायकाची वही पडलेली होती. लांबट, पुठ्ठा सुटलेली, किराणा दुकानात उधारीची असते तसली. मी त्याला विचारून ती चाळली. प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर आधी ‘चाल’ हा शब्द आणि पुढे कुठल्या तरी जुन्या हिंदी सिनेमातल्या गाण्याचं नाव. कोपऱ्यात ‘काळी चार’ नाहीतर ‘काळी दोन’, म्हणजे पेटीवर सूर कुठला धरायचा ते. आणि पानाच्या तळाशी, शेवटच्या कडव्यात, निळ्या पेनानं दोनदा अधोरेखित केलेलं एक नाव : वामन. अधोरेखित कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, “राहून जातं हो. शेवटचं कडवं आलं की पब्लिक आधीच टाळ्या वाजवायला लागतं.”

हा वामन म्हणजे वामन तबाजी कर्डक, महाराष्ट्राचे वामनदादा. जन्म 15 ऑगस्ट 1922, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. निधन 15 मे 2004, नाशिकला. मधल्या काळात हा माणूस गावोगाव गात हिंडला. त्याची गाणी ज्या घरांत पाठ आहेत, त्यांतल्या कित्येकांनी त्याचा एकही संग्रह पाहिलेला नसेल. इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या मंडळींना असा गवई म्हटला की गिटार पाठीला लावून मालगाडीतून फिरणारा वुडी गथ्री आठवतो, पीट सीगर आठवतो. त्यांच्याकडेही वळू, पण आधी घरचं.

वामनदादा मुंबईत आले ते पोटासाठी. शिवडीच्या चाळीत राहणं, मिळेल ती मजुरी आणि समता सैनिक दलात वावर. तोवर अक्षरओळख नव्हती. एकानं वाचून दाखव म्हणून हातात पत्र दिलं, ते वाचता आलं नाही आणि त्यांना रडू कोसळलं, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात पुन्हा पुन्हा येतो. पुढे एका मास्तरांनी बाराखडी शिकवली. सराव मात्र रस्त्यावर झाला, दुकानांच्या पाट्या वाचत. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. पाटीवर फापटपसारा नसतो, चालता चालता डोळ्यांत भरेल एवढंच तिथं लिहिलेलं असतं. वामनदादांच्या गाण्याचा मुखडा तसाच असतो. मागच्या रांगेतल्या, बिडी ओढत उभ्या असलेल्या माणसालाही तो पहिल्या फटक्यात कळतो.

1943 साली नायगावला त्यांनी बाबासाहेबांना पहिल्यांदा पाहिलं. त्याच वर्षीच्या 3 मेला पहिलं गाणं जमलं, तेही एका हिंदी सिनेगीताचं विडंबन. चाल आयती, शब्द आपले. साहित्यात विडंबन हलकं समजतात आणि चालीवर गाणं बांधणाऱ्याला ‘जोडकवी’ म्हणून हिणवतात. मला हे पटत नाही. ज्या वस्तीत वीज नाही, वाचणारा एखादाच आणि कार्यक्रम रात्रभर चालायचा, तिथं नवी चाल शिकवत बसायला वेळ कुणाला? चाल लोकांच्या ओठावर आधीच असली की दुसऱ्या ओळीला झीलकरी नसले तरी चालतं, अख्खा मांडव झील धरतो. गाणं बसवायला लागणारे दोन महिने एका रात्रीत वाचतात.

ही युक्ती वामनदादांची एकट्याची नव्हे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि गण-गौळणीतले देव बदलले. आंबेडकरी जलशांनी 1930च्या दशकात तोच धागा पुढे नेला. त्यातलं मोठं नाव नाशिककडच्याच भीमराव कर्डकांचं. आडनाव एक, माणसं वेगळी. यात अजूनही घोळ होतो, परवा एका स्मरणिकेत दोघांचे फोटो अदलाबदल झालेले मी पाहिले. डाव्या बाजूला 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अमर शेखांचा आवाज ज्यांनी समोर बसून ऐकला ते लोक आता फार उरले नाहीत. 1969 साली अण्णा भाऊ जुलैत गेले आणि अमर शेख ऑगस्टअखेर अपघातात. सहा आठवड्यांत शाहिरीची दोन घरं बसली.

नाव कुणाचं उरतं, याबाबत शाहीर साबळ्यांची तऱ्हा वेगळी. 2023 साली राज्यगीत झालेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ लिहिलं राजा बढ्यांनी, चाल श्रीनिवास खळ्यांची, पण लोकांच्या तोंडी ते ‘साबळ्यांचं गाणं’ आहे. तिथं गाणाऱ्याचं नाव राहिलं, लिहिणारा मागे पडला. वामनदादांचं उलट झालं. त्यांची गाणी इतरांनी गायली, पुढे कॅसेटी निघाल्या, कॅसेटीवर गायकाचा फोटो आणि गीतकाराचं नाव बारीक टाइपात, तेही छापलं तर. गावोगावचे त्यांचे शिष्य बिदागीवर गात राहिले. नाव टिकवायची एकच जागा उरली, खुद्द गाण्याच्या आत. संतांनी अभंगात ठेवली तशी नाममुद्रा. ती कापता येत नाही असं वाटतं. पण टाळ्यांनी कापली जाते, हे मी त्या गायकाकडून शिकलो.

छापील संग्रह उशिरा आले. ‘वाटचाल’ 1973, ‘मोहळ’ 1976, ‘हे गीत वामनचे’ 1977. म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी पहिलं पुस्तक. 1993ला वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, आणि 1996ला ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन आलं. एकूण गाणी किती, याचे आकडे हजारांत सांगतात. त्या मोजणीत मला रस नाही. जिथं मुक्काम तिथं गाणं, आणि यजमानाच्या पोराच्या वहीत ते उतरवून सकाळची एसटी, अशा माणसाची गाणी मोजणार कोण?

आता आमच्या मुळशीचं. या डोंगरपट्ट्यात गाण्याची एक दुसरी, जुनी तऱ्हा आहे. ती कुठं फिरली नाही, जात्यापाशी बसून राहिली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं या दोघा संशोधकांनी मुळशी-मावळच्या गरीब डोंगरी बायांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. काम वाढत गेलं ते 1,107 गावं, 3,302 बाया आणि लाखाच्या वर ओव्यांपर्यंत. बर्नार्ड बेल यांनी 1990च्या दशकात त्यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित केल्या. तिथंही चाल आयती, पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि शब्द ज्या बाईच्या हाती खुंटा तिचे. सासर, भाऊ, विठ्ठल यांच्या जोडीला त्यांत भीमरावही येतात. म्हणजे फिरता शाहीर मांडवात जे गातो ते आणि बाई पहाटे जात्यावर जे गाते ते, दोन्ही एका ठिकाणी येऊन मिळतात. ओवीत बाई सहसा आपलं नाव गुंफत नाही. संशोधकांनी ते शेजारी लिहून ठेवलं, म्हणून राहिलं.

मुळशीचं दुसरं गाणं धरणाचं. 16 एप्रिल 1921, रामनवमी. मुळा-नीळेच्या काठचे मावळे टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. सुमारे 50 गावांची जमीन बुडणार होती, आणि बुडाली. धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवून मुंबईला वीज गेली. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथं. ते स्वतः पद्य रचणारे. 1924च्या डिसेंबरात रेल्वे अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची सजा झाली आणि लढा विझला.

आणि इथं मला वुडी गथ्रीची गंमत वाटते. 1912 साली ओक्लाहोमात जन्मलेला हा गवई, धुळीच्या वादळांनी उठवलेल्या शेतकऱ्यांबरोबर कॅलिफोर्नियाकडे गेलेला. त्यानंही जुन्या चालींवर नवे शब्द बसवले, आपल्याकडच्यासारखेच. 1941च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारच्या बॉनव्हिल वीज खात्यानं त्याला महिन्याभरासाठी कामावर घेतलं. काम काय, तर कोलंबिया नदीवरच्या धरणांची गाणी लिहायची. त्यानं 26 गाणी लिहिली, पगार 266 डॉलर 66 सेंट. खूश होऊन लिहिली, हेही खरं. धरण म्हणजे गरिबाच्या घरी दिवा, असं त्याला मनापासून वाटत होतं. मुळशीत त्याच्या कितीतरी आधी दिवा दुसऱ्याच्या घरी लागला होता, आणि इथल्या माणसाला ते पक्कं कळलं होतं. धरणाचं गाणं कुठल्या बाजूचं, हे ऐकणारा कुठल्या काठावर उभा आहे त्यावर ठरतं.

गथ्रीचं 1940चं ‘धिस लँड इज युअर लँड’ अमेरिकेत शाळेशाळेत गातात. मूळ गाण्यात खाजगी मालकीच्या पाटीवर बोट ठेवणारं एक कडवं आहे आणि सरकारी मदतीच्या रांगेतल्या भुकेल्यांचं दुसरं. शाळेत ती दोन्ही सहसा गळतात. पीट सीगर म्हातारपणीही ती मुद्दाम गायचा.

आमच्याकडेही गळती आहे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर वामनदादांची जन्मोत्सवाची गाणी दणक्यात वाजतात. वाजावीत. पण त्यांचं एक गाणं टाटा-बिर्लांची नावं घेऊन, धनाचा साठा कुठाय आणि आमचा वाटा कुठाय, असं सरळ विचारतं. ते मला ट्रॉलीवर क्वचितच ऐकू येतं. नाचता येत नाही म्हणून नव्हे, ठेका तर त्याचा झकास आहे. वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्या मंडळाला असा प्रश्न अडचणीचा असतो, एवढंच.

त्या वस्तीवर मात्र ते झालं. रात्री दहाच्या सुमारास शेजारच्या वाडीतले एक म्हातारे पुढे आले. जातीनं जयंतीवाले नव्हेत, नुसते गाणं ऐकायला आलेले, खांद्यावर टॉवेल. आजोबांचं घर धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चौथऱ्याचे दगड दिसतात, असं त्यांनी मला संध्याकाळी सांगितलं होतं. “ते वाट्याचं म्हणा,” ते म्हणाले. गाण्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. गायकानं वही मागून पुढून चाळली, पान सापडलं, पेटीवाल्यानं सूर दिला. ढोलकीवाल्यानं एकदा कडी खेचून पाहिली आणि ठेका धरला.

पहिल्या कडव्यालाच पुढच्या रांगेतली पोरं हसली, कारण नावं ओळखीची होती. म्हातारे हसले नाहीत. मांडीवर बोटांनी ठेका धरून बसले होते. शेवटचं कडवं आलं तेव्हा कुणालाच टाळ्यांची घाई नव्हती, त्यामुळे ते नाव स्वच्छ ऐकू आलं.

गाणं संपल्यावर म्हाताऱ्यांनी गायकाला विचारलं, “हा वामन कुठला? आपल्याकडचा का?”

“सिन्नरकडचा,” गायक म्हणाला.

“असं का,” असं म्हणून ते चपला शोधायला लागले.