उत्तर बरोबर, पण गणित समजले काय?

गणिताच्या अध्यापनात आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश झाला आहे. विद्यार्थ्याने उदाहरण घालावे, यंत्राने ते पायरीपायरीने सोडवून दाखवावे आणि कितीदाही विचारले तरी न रागावता पुन्हा समजावून सांगावे, हे आज घडत आहे. भरगच्च वर्गात ज्याच्या वाट्याला शिक्षकाची दोन मिनिटेही येत नाहीत आणि ज्याच्या पालकांना शिकवणीची फी झेपत नाही, त्या मुलाला हे साहाय्य वरदान वाटावे यात नवल नाही. तथापि हे यंत्र मुलाला उत्तर देते की समज देते, याची शहानिशा केल्याखेरीज त्याचे स्वागत करणे उतावीळपणाचे ठरेल.

उत्तर आणि समज यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे अमेरिकेतील एका जुन्या अभ्यासात दिसून आले होते. स्टॅनली अर्लवँगर या संशोधकाने १९७३ साली बेनी नावाच्या बारा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. बेनीच्या शाळेत प्रत्येकाने आपापल्या गतीने छापील पाठ सोडवावेत, उत्तरे उत्तरसूचीशी ताडून पाहावीत आणि ठरावीक गुण मिळाले की पुढच्या पाठाकडे वळावे, अशी पद्धत होती. बेनी त्यात चांगल्या विद्यार्थ्यांत गणला जाई. परंतु संशोधकाने त्याला बोलते केले, तेव्हा २/१० चे दशांश रूप तो १.२ असे सांगू लागला. अंश आणि छेद यांची बेरीज करून मध्ये टिंब द्यावे, हा त्याचा नियम! त्यामुळे ४/११ आणि ११/४ या दोहोंचे उत्तर त्याच्या लेखी १.५ हेच होते. गणित म्हणजे कोणीतरी ठरवून ठेवलेल्या नियमांचा खेळ, अशी त्याची ठाम समजूत झाली होती. त्याची उत्तरे तपासली जात होती. ती कशी काढली, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

आजचे यंत्र बोलू शकते, म्हणून ही उणीव आपोआप भरून निघेल काय? तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष सावध करणारा आहे. ज्यांना सरावाच्या वेळी यंत्राचा मुक्त वापर करू दिला, त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. पण यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा यंत्र कधीच न मिळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षा ते १७ टक्क्यांनी मागे पडले. दुसऱ्या गटाच्या यंत्राला उत्तर न देता केवळ सूचक इशारे देण्याची ताकीद होती. त्या गटाचे सरावातील यश १२७ टक्क्यांनी वाढले आणि परीक्षेतील हानी बहुतांशी टळली. परंतु हानी टळली एवढेच. त्या परीक्षेत लाभ असा दिसला नाही.

यावरून यंत्र त्याज्य ठरत नाही. त्याच्याकडून काय मागावे, हे मात्र स्पष्ट होते. एखाद्या मुलाने १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिली, तर समसमान छेदाची रीत लगेच सांगून टाकणे सोपे आहे. खरा शिक्षक विचारतो : ‘अर्ध्यात भर घातली, मग बेरीज अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली?’ मुलगा क्षणभर अडखळतो. त्या अडखळण्यातच समजेचा उगम असतो आणि आयते उत्तर नेमके तेच हिरावून घेते.

म्हणून शाळांनी हे साधन स्वीकारताना काही पथ्ये पाळली पाहिजेत. विद्यार्थ्याने स्वतःचा प्रयत्न मांडल्याशिवाय यंत्राने उत्तर देऊ नये. यंत्रही पूर्ण आत्मविश्वासाने चुकते, याची जाणीव मुलांना द्यावी. यंत्राजवळ बसून केलेल्या गृहपाठाचे गुण हा प्रगतीचा पुरावा मानू नये. त्याऐवजी तेच उदाहरण, आकडे बदलून, मुलाला फळ्यावर सोडवायला लावावे आणि प्रत्येक पायरीचे कारण विचारावे. हे काम शिक्षकाचेच आहे. त्यासाठी त्याला वेळ मिळायचा, तर वर्गाची पटसंख्या आणि शिक्षकावरील शाळाबाह्य कामांचा बोजा कमी करावा लागेल. ते टाळून शाळेत केवळ यंत्रे बसवली, तर वहीतली उत्तरे बरोबर येतील. पण त्या वहीआड किती बेनी दडले आहेत, हे आपल्याला कधीच कळणार नाही.