तुरुंगात जाऊन पोटगी फिटत नाही

"महिनाभर आत जाऊन येतो, पण एक पैसा देणार नाही." कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात अशी भाषा नवी नाही. शिक्षा भोगली की हिशेब मिटला, असा त्यामागचा समज. तो साफ चुकीचा आहे. 'कुलदीप कौर' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 सालीच सांगितलं, की ही कैद म्हणजे पैसे वसूल करण्याचा मार्ग. ती भोगल्याने देणं संपत नाही. समजा, मुलाला दरमहा 8,000 रुपये मंजूर आहेत आणि दहा महिने थकले. बाप तुरुंगातून बाहेर आला तरी 80,000 जागच्या जागी, वर आत काढलेल्या महिन्याचे 8,000 वेगळे!

पोटगीचं कलम जुनंच, नंबर नवा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 हे 1 जुलै 2024पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालं. सबळ कारणाशिवाय हुकूम मोडला, की आधी वसुलीचं वॉरंट निघतं. तरीही बाकी राहिली, तर थकलेल्या महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मध्येच पैसे भरले तर सुटका.

मग काहींना राजीनाम्याची युक्ती सुचते. पण धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही कुटुंबाला पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 'अंजू गर्ग' प्रकरणात (2022) बजावलं. नोकरी टिकवली तर पगारावर जप्ती येऊ शकते, आणि इथे दिवाणी कायदा भलताच कडक आहे. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित. बाकीच्याला हात लागू शकतो. उत्पन्न दडवणंही पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' (2020) निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता-उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असंही ठरवलं. त्यामुळे तारखांवर तारखा घेणाऱ्याची थकबाकीच फुगते.

"ती मुलाला भेटू देत नाही, मग मी पैसे का देऊ?" हा राग समजण्यासारखा आहे, पण भेटीसाठी वेगळा अर्ज करायचा असतो, त्यासाठी पोटाचा घास अडवता येत नाही. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलालाही पोटगीचा हक्क आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 20नुसार जबाबदारी आईवरही येते. तलाकनंतर मुस्लिम वडिलांची मुलांबाबतची जबाबदारी कायम राहते, हे 1997मध्येच ठरलं आहे.

एक गैरसमज मात्र आईच्या बाजूचा. "साठू दे, मग एकदमच मागू," असं म्हणत बायका थांबतात. पण कलम 144खालच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मार्चचा हप्ता चुकला, तर पुढच्या मार्चची वाट न पाहता वकिलाला वसुलीचा अर्ज टाकायला सांगावं.