तारलीची चांदी

बुरोंडीच्या किनाऱ्यावर होडीतून उतरलेली ताजी तारली पाटीत पडली की तिच्यावर नजर ठरत नाही. ही चमक खवल्यांच्या रंगाची, असं बहुतेकांना वाटतं. एक खवला धुऊन उजेडात धरून पाहा, आरपार दिसेल. चांदी असते ती कातडीतल्या ग्वानिनच्या स्फटिकांत. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक ते हेच ग्वानिन. त्याच्या मायक्रॉनच्या जेमतेम दहाव्या भागाएवढ्या पातळ चकत्या, मध्ये पेशीद्रव ठेवून, एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येक थरावरून थोडा प्रकाश परततो आणि परतलेले तरंग एकमेकांत मिसळून बळावतात. थरांची जाडी कमीजास्त असल्यामुळे सगळेच रंग परततात. रंगद्रव्य नाही, धातू तर नाहीच.

असे थर नेमक्या अंतराने रचले की झाला फोटॉनिक क्रिस्टल. त्याची आजची कल्पना एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी 1987 मध्ये मांडली, म्हणून तो प्रयोगशाळेचाच शोध समजला जातो. लॉर्ड रॅले यांनी थरांच्या रचनेचं गणित त्याआधी शंभर वर्षं मांडलं होतं, आणि मासे तर त्याच्याही कितीतरी आधीचे.

प्रकाशाबद्दलचा आणखी एक घोळ पोलराइज्ड गॉगलचा. तो म्हणजे जास्त काळी काच, असं दुकानदारही सांगतात. काळी काच सगळाच प्रकाश सारखा कमी करते. समुद्रावरून तिरपा परतणारा प्रकाश मात्र बहुतांशी आडवाच कंप पावतो (उभ्या रेषेपासून सुमारे 53 अंशांवर तर जवळजवळ पूर्णच), आणि हा गॉगल तेवढाच आडवा प्रकाश अडवतो. मान खांद्याकडे कलती करा, लकाकी परत येते. नाही आली तर गॉगल साधा! अतिनील किरणांपासूनचं संरक्षण ही वेगळीच गोष्ट, ती लेबलवर बघावी.

मग तारलीच्या अंगावरूनही एकाच दिशेचा प्रकाश परतायला हवा ना? एकाच जातीचे स्फटिक असते तर एका ठरावीक कोनात तसंच झालं असतं, आरसाही तिथे फिका पडला असता आणि पाण्यात मासा उघडा पडला असता. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी युरोपातल्या सार्डिन आणि हेरिंग या माशांची कातडी तपासली आणि 2012 मध्ये ‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये उत्तर छापलं: कातडीत ग्वानिनचे स्फटिक दोन प्रकारचे असतात. दोघांचे प्रकाशीय अक्ष वेगळ्या दिशांना, त्यामुळे एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि कुठल्याही कोनातून आरसा आरसाच राहतो. आपली तारलीही त्यांच्याच नात्यातली.

एलसीडी टीव्हीच्या पडद्यामागे बऱ्याचदा प्लास्टिकच्या शेकडो थरांची एक फिल्म असते. तिचं काम तारलीच्या कातडीच्या नेमकं उलटं. एका दिशेची कंपनं ती पुढे सोडते आणि दुसऱ्या दिशेची मागे परतवते. परतलेला प्रकाश मागच्या आरशावरून फिरून पुन्हा फिल्मपाशी येतो, त्यातला काही दिशा बदलून पार होतो, आणि तेवढ्याच विजेत पडदा अधिक उजळ दिसतो.