कोणता प्रोसेसर चांगला? तुलनेचं तर्कशास्त्र

आजच्या पुष्पाचा विषय फलकावर वाचून काही ज्येष्ठ श्रोते माझ्याकडे जरा काळजीनेच बघत होते. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर काय बोलायचं? पण मागच्या वेळी ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांत सगळ्यात नेमका प्रश्न एका विद्यार्थ्याचा होता. तो असा : "सर, गेमिंगसाठी एएमडीचा रायझन ५ ५६०० घेऊ की इंटेलचा कोअर आय५ १२४००एफ? पैसे कशात वसूल होतील?"

या प्रश्नात दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. एक 'साठी' आणि दुसरा 'वसूल'. आपण बहुतेक वेळा हे दोन्ही गाळतो आणि विचारतो, "यातला चांगला कोणता?" तसं विचारलं की उत्तर देणारा जे विकायचं ते विकून मोकळा होतो. आपल्याकडे मिरचीचे किंवा कापसाचे पैसे वर्षातून एकदा हातात येतात. त्यातून घरात एक कॉम्प्युटर आला की पुढची पाच-सहा वर्षं दुसरा येत नाही. त्यामुळे हा प्रश्न वरवरचा नाही. हा नीट तुलना करण्याचा प्रश्न आहे.

'चांगला' हा शब्द एकटा राहत नाही

दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तिथे जाणकार माणूस "चांगला घोडा दाखवा" असं म्हणत नाही. नाचकामाला हवा, की शर्यतीला, की टांग्याला, हे तो आधी सांगतो. पंचकल्याणी घोड्याचे चारही पाय पांढरे, तोंडावर पांढरा पट्टा. त्याची किंमत चढते. पण त्या पांढऱ्या रंगावरून त्याची चाल कळत नाही. चाल बघायची तर घोडा चालवूनच बघावा लागतो.

प्रोसेसरचंही तेच आहे. खोक्यावरचे आकडे हे त्याचं पंचकल्याण. ते खोटे नसतात, पण ते म्हणजे चाल नव्हे.

एक मोठं उदाहरण सांगतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने कोअर अल्ट्रा ९ २८५के आणला. २४ कोअर, किंमत ५८९ डॉलर. पुढच्याच महिन्यात एएमडीने रायझन ७ ९८००एक्स३डी आणला. ८ कोअर, किंमत ४७९ डॉलर. कोअर एक तृतीयांश, किंमतही कमी. तरी गेममध्ये दुसरा स्पष्टपणे पुढे. आणि त्रिमितीय चित्रं तयार करणं, व्हिडिओ एडिटिंग अशा कामांत पहिला पुढे. मग चांगला कोणता? 'कशासाठी' हे सांगितल्याशिवाय या वाक्याला अर्थच येत नाही.

ओल्या लाकडाचा मुद्दा

आता आपल्या दोन चिप्सकडे येऊ. दोन्ही २०२२ सालच्या. दोन्हींत ६ कोअर, १२ थ्रेड. दोन्हींचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. पण मूळ वेग, ज्याला बेस क्लॉक म्हणतात, तो रायझनचा ३.५ आणि इंटेलचा २.५. दुकानात लगेच ऐकायला मिळतं, "हा साडेतीनचा, तो अडीचचा. म्हणजे हा फास्ट."

आपल्या न्यायदर्शनात अशा विधानाची तपासणी करण्याची एक सुंदर रीत आहे. 'डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे' हे अनुमान बरोबर, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. पण उलट करून बघा. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे चालेल का? नाही. लोहाराकडचा तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला अग्नीसोबत ओलं लाकूड लागतं. या ओल्या लाकडाला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. म्हणजे न सांगितलेली, पडद्यामागची अट.

'जिथे गिगाहर्ट्झ जास्त तिथे वेग जास्त' यातही अशी एक उपाधी लपली आहे. ती म्हणजे 'आतली रचना सारखी असेल तर'. गिगाहर्ट्झ सांगतो की चिप एका सेकंदात किती ठोके घेते. एका ठोक्यात काम किती उरकते, ते तो सांगत नाही. हे इतिहासातही घडलंय. इंटेलने पेंटियम ४ च्या काळात ठोके वाढवायची शर्यत लावली. त्याच वेळी एएमडीचा अॅथलॉन ६४ कमी गिगाहर्ट्झवर चालून अनेक गेम्समध्ये पुढे राहायचा. शेवटी उष्णता आवरेना, आणि ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत इंटेलने २००४ साली सोडून दिला.

आपल्या जोडीतही तसंच. १२४००एफची रचना एका ठोक्यात थोडं जास्त काम करते. शिवाय गेम चालू असताना दोन्ही चिप्स बेस क्लॉकच्या बऱ्याच वर, ४ गिगाहर्ट्झ किंवा त्यापुढे धावतात. म्हणजे अडीच-साडेतीनचा फरक खेळताना जवळपास दिसतच नाही.

मग उलट बाजूचा माणूस म्हणेल, "पण सर, रायझनचा कॅश ३२ एमबी, इंटेलचा १८!" कॅश म्हणजे काय? स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा हाताशी असतो, धान्य कोठीत असतं. डब्यात जे आहे ते झटकन मिळतं, कोठीत जायचं तर वेळ जातो. कॅश म्हणजे तो डबा आणि रॅम म्हणजे कोठी. गेमला पुढच्या क्षणी काय लागेल याचा अंदाज करणं अवघड असतं, म्हणून मोठा डबा गेमच्या फार कामाचा. मघाच्या ९८००एक्स३डीचं गुपितही तेच, त्याचा डबा ९६ एमबीचा आहे. म्हणजे कॅशचा मुद्दा खरा आहे. पण तोही एकटा निकाल देत नाही. एकाचा डबा मोठा, दुसऱ्याचा हात चपळ. प्रत्यक्ष खेळवून बघितलं तर हे दोघं उन्नीस-बीस निघतात. कुठल्या गेममध्ये हा थोडा पुढे, कुठे तो.

सरासरी काय लपवते

आता चाल मोजायची कशी? गेम म्हणजे पडद्यावर भराभर बदलणारी चित्रं. एका सेकंदात किती चित्रं येतात, त्याला एफपीएस म्हणतात. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद.

लोक सरासरी एफपीएस बघतात. नंदुरबार जिल्ह्याचा सरासरी पाऊस सांगितला, तर त्यात अक्कलकुवा-धडगावचे डोंगरही आले आणि नंदुरबारचं कोरडं पठारही आलं. त्या आकड्यावर पेरणी कोण करेल?

कागदावर मांडून बघा. पहिल्या कॉम्प्युटरवर ९९ चित्रं ८-८ मिलिसेकंदांत आली आणि शंभरावं अडकलं, त्याला १०० मिलिसेकंद लागले. एकूण ८९२ मिलिसेकंद, म्हणजे सरासरी ११२ एफपीएस. दुसऱ्यावर शंभरही चित्रं १०-१० मिलिसेकंदांत आली. सरासरी १०० एफपीएस. आकड्यात पहिला जिंकला. पण खेळणाऱ्याला पहिल्यावर जवळजवळ दर सेकंदाला एक झटका बसतो, दुसरा पाण्यासारखा वाहतो. म्हणून चाचण्यांमध्ये '१ टक्का लो' नावाचा आकडा देतात. सगळ्यात वाईट एक टक्का चित्रं कोणत्या वेगाने आली, ते त्यातून कळतं. सरासरीच्या आधी तो बघा.

थापणारी आणि भाजणारी

यापुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. गेममध्ये प्रोसेसर एकटा काम करत नाही. काय काढायचं ते प्रोसेसर ठरवतो, प्रत्यक्ष चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं. चुलीजवळ दोघी बसल्यात असं समजा. एक भाकरी थापते, दुसरी भाजते. थापणारी मिनिटाला चार थापेल, पण तव्यावर दोनच भाजून निघत असतील तर टोपलीत दोनच पडणार. थापणारी बदलून उपयोग काय?

प्रोसेसरची चाचणी करणारे सगळ्यात महागडं कार्ड लावतात. ते योग्यच आहे, कारण त्यांना थापणारीची परीक्षा घ्यायची असते. तवा कमी पडू नये, ही त्यांची काळजी. पण तुमच्या घरी तो तवा नसतो. समजा एक प्रोसेसर १५० चित्रं तयार करतो, दुसरा १४०, आणि तुमचं कार्ड ८०च काढतं. तर दोन्हींवर ८०च दिसणार. चाचणीतला फरक खरा, पण तुमच्या घरात तो शून्य.

'वसूल' म्हणजे कशाने भागायचं?

आता पैसे. हिशेब सोपा वाटतो : किंमत भागिले एफपीएस. बघू. आकडे माझे, फक्त समजण्यापुरते. 'अ' प्रोसेसर १०,००० रुपयांचा, १०० एफपीएस देतो. 'ब' १२,०००चा, १०५ देतो. दर चित्रामागे 'अ'चे १०० रुपये, 'ब'चे ११४. 'अ' स्वस्त पडला.

पण नुसता प्रोसेसर विकत घेऊन कुणी खेळतं का? मदरबोर्ड, रॅम, कार्ड, पॉवर सप्लाय, मॉनिटर मिळून 'अ'चा संच ६०,०००ला गेला आणि 'ब'चा ६२,०००ला. आता भागा. 'अ'चे ६०० रुपये, 'ब'चे ५९० रुपये. निकाल उलटला! आणि कार्ड जर ८०लाच थांबत असेल, तर 'अ'चे ७५०, 'ब'चे ७७५. पुन्हा उलटला. चिप त्याच, किमती त्याच. बदललं काय? आपण 'एक वस्तू' कशाला म्हणायचं ते. म्हणून दुकानात दोन प्रोसेसरचे भाव विचारू नका. दोन पूर्ण संचांचे भाव लिहून घ्या, आणि ज्या कार्डासोबत तो बसणार त्याच कार्डावरची चाचणी बघा.

पूर्ण संच म्हटला की आणखी तीन गोष्टी हिशेबात येतात.

एक, पुढची वाट. ५६०० ज्या एएम४ बोर्डवर बसतो त्यावर फक्त डीडीआर४ रॅम लागते. १२४००एफ डीडीआर४च्या बोर्डवरही चालतो, डीडीआर५च्या बोर्डवरही, आणि बायोस अपडेट असेल तर त्याच बोर्डवर पुढे १३व्या-१४व्या पिढीचा इंटेल बसवता येतो. एएम४ वरही मोठ्या कॅशचा ५८००एक्स३डी बसतो, पण तो तेव्हा बाजारात मिळायला हवा.

दोन, आपला उन्हाळा. साधा पंखा चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. हिवाळ्यात खोली २५ अंश आणि मे महिन्यात ४२ असेल, तर तोच गेम खेळताना चिपही जवळपास १७ अंशांनी जास्त तापणार. खोक्यावर दोन्हींना ६५ वॅट लिहिलंय. पण पूर्ण जोर लावला तर १२४००एफ ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, ५६०० साधारण ७६पर्यंत. गेममध्ये इतका जोर सहसा लागत नाही, त्यामुळे घाबरू नका. पण कॅबिनेटमध्ये हवा खेळती ठेवा. आणि जिथे व्होल्टेज वर-खाली होतं तिथे शंभर रुपयांच्या चिपफरकापेक्षा बऱ्या पॉवर सप्लायवर आणि यूपीएसवर पैसे घाला.

तीन, तो 'एफ'. नावातला एफ म्हणजे या चिपमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. ५६००मध्येही नाही. कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. कार्डाला आज पैसे नसतील तर या दोन्ही चिप्स तुमच्यासाठी नाहीत. ५६००जी किंवा एफ नसलेला साधा १२४०० बघा. हलक्या गेम्सना ५६००जीचं ग्राफिक्स जास्त बरं. मात्र त्याचा कॅश १६ एमबीच आहे, हेही लक्षात ठेवा.

तर माझं उत्तर असं. मध्यम किमतीचं कार्ड लावणार असाल तर या दोघांत वेगावरून निवड करूच नका. ज्याचा पूर्ण संच स्वस्त पडेल तो घ्या, आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. भाव सारखेच पडले आणि चार वर्षांनी प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर १२४००एफ. घरात आधीच एएम४ बोर्ड असेल, तर बायोस अपडेट करून ५६००. मग दुसरा विचार नको.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : यूट्यूबवर सगळे वेगवेगळं सांगतात. विश्वास कुणावर ठेवायचा?*

माणसावर नको, पद्धतीवर ठेवा. कार्ड कोणतं, रॅम कोणती, रिझोल्युशन किती, हे जो आधी सांगतो त्याचं शब्दप्रमाण जास्त वजनाचं. हे न सांगता नुसता "हाच घ्या" म्हणणारा आपली उपाधी लपवतोय. आणि एकाच्या चाचणीवर थांबू नका, तीन ठिकाणी बघा.

*प्रश्न : घरचे म्हणतात, खेळण्यासाठी एवढे पैसे कशाला? मी त्यांना अभ्यासासाठी हवा असं सांगितलंय.*

(सभागृहात हशा.) बाळा, हसू दे त्यांना, प्रश्न खरा आहे. खेळणं हे काही कमी दर्जाचं काम नाही. पण तू 'साठी' बदललास की सगळा हिशेब बदलतो. अभ्यासासाठी हवा तर महागडं कार्ड लागत नाही, मग वडिलांचे ते पैसे कशापायी गेले? त्यांना खरं सांग : इतका अभ्यास, इतका खेळ, आणि खेळामुळे वाढणारी रक्कम ही एवढी. ती रक्कम कागदावर वेगळी लिही. मग ते हो म्हणतील किंवा नाही म्हणतील, पण ज्याचे पैसे आहेत त्याला निवड करता येईल. प्रोसेसर दोन्हींतला कुठलाही चालेल, ते मी मघाच सांगितलं.