'फास्ट'ची जात कोणती?

डोंबिवलीच्या पोराला इंग्रजीचे काही शब्द शाळेत नाव घालायच्या आधीच येतात : फास्ट, स्लो, अप, डाऊन, लेट, पास. माझ्या भाचीलाही येत होते. परवा तिच्या सहावीच्या वहीत 'शब्दांची जात ओळखा' या प्रश्नात नुसता 'फास्ट' आला. तिनं 'क्रियाविशेषण' लिहिलं. बाईंनी लाल फुली मारून शेजारी 'विशेषण' लिहून दिलं. "मामा, बरोबर कोण?" दोघीही बरोबर. चुकला होता तो प्रश्न.

शब्दाची जात त्याच्या कपाळावर लिहिलेली असते, हा समज आपल्याकडे फार पक्का. प्रत्यक्षात जात ठरते ती वाक्यातल्या कामावरून. 'अ फास्ट ट्रेन' म्हटलं की फास्ट गाडीबद्दल सांगतो, म्हणून विशेषण. 'द ट्रेन रॅन फास्ट'मध्ये तो धावण्याबद्दल सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. 'शी फास्ट्स ऑन मंडेज' म्हणजे ती सोमवार धरते. इथे तो क्रियापद झाला. आणि उपास या अर्थी तो नामही आहे. सकाळी आपण ब्रेकफास्ट करतो तो रात्रीचा उपास मोडण्यासाठीच.

वेगाचा आणि उपासाचा काय संबंध, असं भाचीनं विचारलं. तिचं बरोबर होतं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ घट्ट, पक्का असा होता. उपास म्हणजे नेम घट्ट धरणं. कापडवाला 'फास्ट कलर आहे, जाणार नाही' म्हणतो तेव्हा तोच जुना अर्थ त्याच्या तोंडी असतो. गाढ झोपलेला माणूस 'फास्ट अस्लीप' असतो तोही त्यामुळेच. वेगाचा अर्थ मागाहून आला. म्हणून फास्ट रंग जागचा हलत नाही आणि फास्ट गाडी कोपरला थांबत नाही.

हा इंग्रजीचाच चावटपणा, असंही कुणी समजू नये. आपला 'वर' घ्या. 'वर बघ'मध्ये क्रियाविशेषण, 'पुलावर'मध्ये शब्दयोगी अव्यय, आणि वधू-वर सूचक मंडळात नाम. हा तिसरा वर तर मुळातच वेगळा शब्द, फक्त अक्षरं सारखी. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली छापलं गेलं. तेव्हापासून व्याकरणं खूप झाली, पण एकटा 'वर' पुढे ठेवून त्याची जात कुणालाच सांगता येणार नाही.

आता अप आणि डाऊन. अप म्हणजे चढ, डाऊन म्हणजे उतार, किंवा अप म्हणजे उत्तरेकडे, असं प्लॅटफॉर्मवर शपथेवर सांगणारे भेटतात. रेल्वेत तसं काही नाही. इंग्लंडात लंडनकडे जाणारी गाडी अप. आपल्या मध्य रेल्वेवर सीएसएमटीकडे जाणारी अप आणि तिकडून येणारी डाऊन. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून 34 किलोमीटर धावत ठाण्याला आलेली पहिली गाडी या हिशेबानं डाऊनच होती. मुंबईहून नाशिकला जाणारी गाडी कसाऱ्यापुढे थळ घाट अक्षरशः चढते, तरी ती डाऊन. याहून मोठी गंमत म्हणजे 'डाऊन' शब्दाच्या पोटातच डोंगर आहे. जुन्या इंग्रजीत 'डून' म्हणजे टेकडी आणि 'ऑफ डून' म्हणजे टेकडीवरून, अर्थात खाली. पुढचा तुकडा गळून गेला आणि उरलेल्या टेकडीलाच 'खाली' असा अर्थ चिकटला. दक्षिण इंग्लंडातल्या टेकड्यांना आजही डाऊन्स म्हणतात. पक्ष्याच्या मऊ पिसांनाही डाऊन म्हणतात, पण तो शब्द निराळ्या घराण्यातला.

आपण तर या शब्दांना पार घरचं करून टाकलंय. 'लोकल' हे इंग्रजीत मुळात विशेषण. आपल्याकडे ते स्त्रीलिंगी नाम. म्हणून 'आठ बाराची फास्ट लोकल गेली' म्हणताना काही खटकत नाही. बसायला जागा मिळावी म्हणून डोंबिवलीकर आधी उलटा कल्याणला जातो आणि त्याच गाडीत बसून परततो. त्याला तो 'डाऊन करून आलो' म्हणतो. हे वाक्य लंडनच्या माणसाला कळणार नाही. मराठी म्हणून ते चोख आहे.

शेपटीला 'ली' दिसलं की क्रियाविशेषण, हा क्लासमधला मंत्रही अर्धवट. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' ही विशेषणं आहेत, आणि 'फास्टली' असा शब्द प्रचारात नाही. 'हार्ड'ला 'ली' लावलंत तर अर्थच उलटतो. नोकरीच्या अर्जात कुणी 'आय वर्क हार्डली' लिहिलं, तर 'मी जेमतेमच काम करतो' अशी कबुली त्यानं स्वतःच दिली. लेटचंही तसंच. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. आणि नावाआधी 'द लेट' लागलं की माणूस कैलासवासी. त्या मानानं ऑफिसातला लेट मार्क बरा.

शब्द छोटा म्हणजे सोपा, असं मानणाऱ्यानं कोश उघडून बघावा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'रन' या एका क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ नोंदले आहेत. साधा 'बट' बघा. 'पण' म्हणून तो सगळ्यांना ठाऊक असतो, पण 'ऑल बट वन'मध्ये त्याचा अर्थ 'वगळून' होतो. लांबलचक शब्दांचं इतकं भय नसतं. 'रेफ्रिजरेटर' कुठल्याही वाक्यात रेफ्रिजरेटरच राहतो.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या बाईंना आणि सरांना एवढीच विनंती : शब्द एकटा देऊ नका, वाक्यासकट द्या. आणि भाचीच्या वहीतला तो एक मार्क तेवढा परत करा.