कोरियातल्या शाळेत आणखी एक वर्ष : करार वाढवताना घरानं काय बघायचं?



आपल्या श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर, इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड. झालेल्या मुली आता बऱ्याच घरांत आहेत. कुणी भरतीची वाट बघतंय, कुणी खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवतंय. फोनवर कोरियाच्या मालिका बघणाऱ्या पोरी तर घरोघरी. त्यामुळे बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघतोच : कोरियातल्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळते म्हणे, खरं का? आणि वर्षाच्या बोलीवर गेलेली लेक किंवा सून 'आणखी एक वर्ष राहते' म्हणाली, तर घरच्यांनी काय उत्तर द्यायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही थोडक्यात देतो. दुसऱ्यावर मात्र जरा थांबून बोलू, कारण घरात खरी ओढाताण होते ती तिथंच.

परदेशी जाऊन शिकवणारी मराठी बाई ही काही आजची नवलाई नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये दोन वर्षांच्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथं चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. तिथून अमेरिकेला गेल्या आणि १८८९ मध्ये परतल्या. पुढे त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं, ते आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला. काष्टीहून दौंडला जाऊन पुण्याची गाडी धरली की केडगाव स्टेशन लागतं. गेलेली बाई काय घेऊन परत येते, हे आपल्याला इतक्या जवळ बघायला मिळतं.

नोकरी नेमकी कसली?

दक्षिण कोरियात १९९७ पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी शिकवतात. आपल्या महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासूनच आहे. कोरियाच्या सरकारी शाळांत बाहेरच्या देशांतून इंग्रजीचे शिक्षक बोलावण्याची योजना १९९५ मध्ये सुरू झाली. तिचं नाव एपिक. सुरुवातीला ती अमेरिका, इंग्लंड, कॅनडा अशा इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या लोकांसाठी होती. मग भारत आणि कोरिया यांच्यात व्यापाराचा करार झाला, तो १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्या करारामुळे पदवी आणि इंग्रजी शिकवण्याचं अधिकृत प्रमाणपत्र, म्हणजे इंग्रजी विषयाचं बी.एड., असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाता येतं. जागा मोजक्या असतात आणि निवड कडक असते.

'सहायक' हा शब्द लक्षात ठेवा. वर्ग एकटीच्या हातात नसतो, सोबत कोरियन शिक्षक असतात. आठवड्याला साधारण २२ तास, बाकीचा वेळ तयारीचा. लहान गावात नेमणूक झाली तर एकीला दोन-तीन शाळाही फिराव्या लागतात. शाळेत शिरताना बाहेरच्या चपला काढून आतल्या घालायच्या. दुपारी मुलांबरोबर शाळेतलंच जेवण. त्यात मासे-मांस बहुतेक असतंच, म्हणून माळकरी घरातल्या मुलीनं डब्याचा विचार आधीच करावा. शिक्षकाला तिथं 'सॉन्सेंगनिम' म्हणतात. त्यातलं 'निम' हे मानाचं, आपण 'बाई'ला 'साहेब' जोडतो तसं.

करार एक वर्षाचाच का?

तिथलं शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. दुसरं सत्र ऑगस्टच्या शेवटी. परदेशी शिक्षक या दोन वेळी रुजू होतात आणि करार एकेक वर्षाचा होतो. व्हिसाही त्याच कराराला बांधलेला असतो.

आपल्याकडे ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि ती फिटेपर्यंत पुढचा हंगामही त्याच्याकडेच. कोरियातला दुसऱ्या वर्षाचा करार तसा नाही. तिथं उचल नाही, बांधिलकी नाही. वर्ष संपलं की बाई मोकळी, आणि शाळाही मोकळी. करार संपायच्या काही महिने आधी शाळा विचारते, राहणार का? पण नुसतं 'हो' म्हणून भागत नाही. शिकवण्याचं मूल्यमापन चांगलं लागतं, शाळेला गरज लागते आणि शिक्षण कार्यालयाकडे पैसे लागतात. ही तिसरी गोष्ट आता अवघड होत चालली आहे, कारण कोरियात मुलंच कमी जन्माला येतात. २०२३ मध्ये तिथला जननदर बाईमागे ०.७२ वर आला होता. पट घटला की शाळा बंद होते, हे आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवरून आपल्याला माहीत आहेच. तेव्हा 'दुसरं वर्ष मिळणारच' असं धरून इकडे कर्ज काढू नये.

पैशाचा हिशोब

कोरियाचा पैसा म्हणजे वॉन. आपल्या एका रुपयाला साधारण सोळा वॉन पडतात, म्हणून आकडे मोठे दिसतात, त्यानं हुरळून जायचं नाही. पगार शिक्षण, अनुभव आणि प्रांत यांवर ठरतो. हिशोब कळावा म्हणून महिना २० लाख वॉन धरू. म्हणजे सव्वा लाख रुपये. त्यातून कर, आरोग्य विमा आणि पेन्शन कापलं जातं. राहायला खोली किंवा घरभाडं मिळतं. वीज, गॅस, फोन आणि जेवण आपलं आपण.

इथं शिक्षणसेवकाला २०२३ पासून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये मिळतात. फरक मोठा आहे, म्हणूनच मोह होतो. पण इथली शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपली की कायमची नोकरी असते. तिथं कितीही वर्षं काढली तरी करार वर्षाचाच. दोन्ही आकडे शेजारी मांडताना ही गोष्टही शेजारी मांडा.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. कोरियाच्या कायद्यानं सलग एक वर्ष पुरं केलं की साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम नोकरी सोडताना वेगळी मिळते. आपल्या ग्रॅच्युइटीसारखी. अकराव्या महिन्यात परत आली तर शून्य. वर्ष पुरं झालं तर २० लाख वॉन, दोन वर्षं झाली तर ४० लाख. दुसऱ्या वर्षात मध्येच यावं लागलं, तर जेवढे महिने भरले तेवढा हिस्सा मिळतो. म्हणून घरात लग्नकार्य निघालं आणि 'ये निघून' असा निरोप धाडायचा असेल, तर आधी तारखा बघा. पंधरा दिवसांच्या घाईपायी सव्वा लाख जातात. उलट, पहिल्या सहा महिन्यांत सोडलं तर सुरुवातीला दिलेला प्रवासखर्चही परत करावा लागतो.

पैसा कुणाच्या खात्यात यायचा हेही आधीच ठरवा. परदेशात राहणारीसाठी बँकेत एनआरई खातं असतं, त्याच्या व्याजावर इथं कर नसतो. खातं तिच्या नावाचं असावं. घराला किती, तिचं स्वतःचं किती, हे तिनं सांगावं. कमावणारी ती आणि पासबुक दुसऱ्याच्या कपाटात, असं झालं तर 'आणखी एक वर्ष' हा निर्णय तिचा राहत नाही, खर्चाची वाट बघणाऱ्यांचा होतो.

दुसरं वर्ष पहिल्यासारखं नसतं

पहिलं वर्ष शिकण्यात जातं. कडाक्याची थंडी, भाषा, जेवण, बस. दुसऱ्या वर्षी पोरांची नावं तोंडात असतात, सोबतच्या शिक्षकाशी सूर जुळलेला असतो, खर्च कमी आणि शिल्लक जास्त. शाळेलाही ओळखीचं माणूस हवं असतं. राहावंसं वाटतं त्याला ही कारणं आहेत. मुलगी घर विसरली, असा अर्थ काढू नका.

पण इकडचंही दुसरं वर्ष निराळं असतं. एक वर्ष आजीनं नातू सांभाळला तो पाहुणचारासारखा. दुसऱ्या वर्षी तिचे गुडघे, तिची कामं आणि मुलाचा अभ्यास सगळं समोर येतं. म्हणून तिला नुसतं 'कधी येतेस?' विचारून कोंडीत धरू नका, आणि 'आमचं काय, तू रहा' म्हणून मनातलं गिळूही नका. मूल कोण सांभाळणार, त्या आजीला काय मिळणार, दवाखान्याला कोण नेणार, हे मोकळं बोला. कोरियाचं घड्याळ आपल्या पुढे साडेतीन तास आहे. तिथं रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथं साडेचार, म्हणजे मूल शाळेतून घरी आलेलं असतं. रोजच्या बोलण्याची ही वेळ ठरवून टाका.

इथल्या वाटाही बघा. भरतीला वयाची अट असते. दोन वर्षं तिकडे गेली तर परीक्षा कधी, अर्ज कधी, हे कागदावर लिहा.

एजंट आला तर

आपल्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. लेकीला सातासमुद्रापार धाडताना त्याहून जास्त बघायला हवं. एपिकचा अर्ज थेट भरता येतो, त्याला फी नाही. एजंट असेलच तर त्याच्याकडे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी हवी, ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणी असलेल्यालाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. 'खासगी क्लासमध्ये लावतो' म्हणाला तर सावध व्हा. भारतीयांसाठीची ही सवलत शाळांपुरती आहे. 'पर्यटक व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बघू' म्हणाला तर तिथंच उठा. पदवी आणि पोलीस दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. मूळ कागद कुणाच्या हाती सोडू नका. आणि करार वाढला तरी व्हिसा आपोआप वाढत नाही. मुदत संपायच्या आत वाढवून घ्यावा लागतो.

बैठकीत बोलायला

येत्या बैठकीत हे पाच प्रश्न घ्या. ज्या घरातली मुलगी पुण्यात किंवा मुंबईत नोकरीला आहे, त्यांनाही ते लागू पडतील.

१. आणखी एक वर्ष राहायचं, हे आधी कोण म्हणालं? ती, की घर?
२. पहिल्या वर्षाची शिल्लक किती, कुणाच्या नावावर आणि कशासाठी?
३. वर्ष पुरं होण्याची नेमकी तारीख घरात कुणाकुणाला माहीत आहे?
४. इकडे तिची जागा कोण भरून काढतंय, आणि त्या बाईला विचारलंय का?
५. परत आल्यावर ती काय करणार, याचा कागद तयार आहे का?

पाचही उत्तरं जुळली तर खुशाल राहू द्या. एखादं अडलं तर तेवढं सोडवा आणि मग ठरवा. सही तिची असते, पण वर्ष सगळ्या घराचं जातं. म्हणून बोलणं सगळ्यांशी व्हावं आणि शेवटचा शब्द तिचा असावा.